वारा कोणाच्या तोंडावर येतोय?

मागच्या अंकात लॅबमधल्या नोकऱ्यांबद्दल लिहिताना मी सहज एक ओळ टाकली होती, की लॅमिनार (कामाच्या जागेवर गाळलेली स्वच्छ हवा सोडणारी पेटी) म्हणजे बायोसेफ्टी कॅबिनेट (काम करणाऱ्या माणसालाही वाचवणारी पेटी) नव्हे आणि ज्यांना हा फरक माहीत नाही त्यांनी किमोची औषधं मिक्स करू नयेत. बस्स, एवढंच. त्या एका ओळीवर इतके मेसेज आले की बाकीचे सगळे विषय (हिमोग्लोबिनच्या मशीनवाले काका, तुमचा प्रश्न पुढच्या महिन्यात, नक्की) बाजूला ठेवून हा अख्खा कॉलम या पेट्यांवरच करतेय. पत्रं थोडी कापलीत, नावं काढलीत.

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी मराठवाड्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट आहे, आठवड्यातून दोन दिवस व्हिजिटिंग ऑन्कॉलॉजिस्ट येतात आणि किमोची इंजेक्शनं मीच बनवतो. आमच्याकडे लॅमिनार आहे, हेपा फिल्टरवाला, समोरून काच नाही, मागच्या भिंतीतून हवा येते. कंपनीचा माणूस म्हणाला होता एकदम स्टराईल आहे सर, काही टेन्शन नाही. तुमची ओळ वाचल्यापासून झोप लागत नाहीये. मी मास्क आणि ग्लोव्हज घालतो.

उत्तर: दादा, तो माणूस खोटं बोलला नाही, फक्त कोणासाठी स्टराईल ते सांगायचं राहिलं त्याचं. तुम्ही वर्णन करताय तो हॉरिझॉन्टल लॅमिनार. त्यात मागच्या हेपामधून गाळलेली स्वच्छ हवा येते, तुमच्या व्हायलवरून (औषधाच्या छोट्या बाटलीवरून), सिरिंजवरून जाते आणि सरळ तुमच्या छातीवर आणि तोंडावर येते. सलाईनमध्ये व्हिटॅमिन किंवा अँटिबायोटिक टाकायचं असेल तर ठीक, कारण तिथे वाचवायचं असतं ते औषध, तुमच्या श्वासातल्या जंतूंपासून. पण व्हायलमध्ये सायक्लोफॉस्फमाइड किंवा डॉक्सोरुबिसिनसारखं किमोचं औषध असेल आणि सुई काढताना बारीक फवारा उडाला, जो डोळ्याला दिसतही नाही, तर तो फवारा पंख्याने तुमच्याकडे ढकलला जातोय. उघड्या टेबलावर बनवलं असतं तर निदान वारा तरी अंगावर आला नसता, इतकं हे उलटं आहे.

ही भीती कोणाच्या मनातली नाही. १९७९ साली फिनलंडमध्ये किमो हाताळणाऱ्या नर्सेसची लघवी तपासली तर त्यात जीन्समध्ये बदल घडवणारे पदार्थ सापडले, आणि तो पेपर 'लॅन्सेट'मध्ये आल्यावर जगभरच्या हॉस्पिटल फार्मसीत खळबळ उडाली. मग काही वर्षांतच अमेरिकेत हॉरिझॉन्टल लॅमिनारवर काम करणाऱ्या फार्मासिस्ट लोकांची तशीच तपासणी झाली, त्यांच्यातही तेच दिसलं, आणि त्यांना उभ्या हवेच्या सेफ्टी कॅबिनेटवर बसवल्यावर ते कमी झालं. माणसं तीच आणि औषधंही तीच होती, बदलली फक्त हवेची दिशा.

आता सेफ्टी कॅबिनेट वेगळं काय करतं ते सांगते, कारण कोटेशन मागवताना तुम्हालाच बोलायला लागणार आहे. क्लास टू कॅबिनेटमध्ये वरून गाळलेली हवा खाली कामाच्या जागेवर पडते, त्यामुळे औषध सुरक्षित. त्याच वेळी समोरच्या फटीतून, म्हणजे काचेच्या खालून जिथे आपण हात घालतो तिथून, खोलीतली हवा आत ओढली जाते आणि पुढच्या जाळीतून खाली जाते, त्यामुळे आतलं बाहेर तुमच्याकडे येत नाही. म्हणजे औषधही वाचलं आणि माणूसही. बाजारात 'व्हर्टिकल लॅमिनार' नावाचीही एक वस्तू मिळते, हवा वरून खाली येते म्हणून लोकांना वाटतं तेच ते, पण त्यात हवा खाली आपटून पुढून बाहेर, परत तुमच्याच अंगावर. तेव्हा नावावर जाऊ नका, समोरच्या तोंडाशी हवा आत जाते की बाहेर येते एवढं विचारा. टिश्यू पेपरची बारीक पट्टी काचेच्या खालच्या कडेला चिकटवून बघा, आत झुकली पाहिजे. (उदबत्ती लावून बघायचा मोह सगळ्यांना होतो, स्पिरिटने पुसलेल्या पेटीपाशी विस्तव नको, प्लीज.)

आणखी एक. हेपा फिल्टर कण अडवतो, ०.३ मायक्रॉनचे दहा हजार कण आले तर जास्तीत जास्त तीन सुटतात, आणि त्याहून बारीक कण उलट इकडेतिकडे भरकटत जाऊन धाग्यांना चिकटतात म्हणून तेही सापडतात. पण वाफ हा कण नाही, गॅस सरळ पार जातो, आणि किमोच्या काही औषधांची थोडी वाफ होते. म्हणून किमोसाठीच्या कॅबिनेटची हवा डक्टने इमारतीबाहेर सोडलेली असावी, गाळून परत त्याच खोलीत नको. अमेरिकेच्या फार्माकोपियात (औषधांच्या नियमांच्या पुस्तकात) ८०० नंबरचा चॅप्टर आहे, १ डिसेंबर २०१९ ला अधिकृत झालेला, त्यात हेच म्हटलंय, शिवाय ती खोली बाहेरच्या मानाने निगेटिव्ह प्रेशरची आणि तिथली हवा तासाला किमान १२ वेळा बदलणारी हवी. तो नियम आपल्याला लागू नाही हे मान्य, पण नवीन खोली बांधताना डोळ्यासमोर ठेवायला हरकत काय.

तोपर्यंत काय? मी स्पष्ट सांगते, त्या लॅमिनारवर किमो बनवणं आजपासून बंद करा. ऑन्कॉलॉजिस्ट जिथून येतात त्या मोठ्या सेंटरला डोस तयार करून पाठवता येतील का हे विचारा, आठवड्यात दोनच दिवस आहेत, बऱ्याच औषधांचं जमतं, काहींची तयार झाल्यानंतरची मुदत कमी असते, ते बघावं लागेल. सिरिंज नेहमी स्क्रूसारखी फिरवून बसणारी लुअर लॉकवालीच घ्या, नुसती दाबून बसवलेली सुई सटकते. ग्लोव्हजच्या दोन जोड्या, वरची गाऊनच्या बाहीवरून, आणि किमोसाठी टेस्ट केलेले ग्लोव्हज, ड्रेसिंगचे नाहीत. तुमचा तो तीन पदरी मास्क तुमच्या थुंकीपासून पेशंटला वाचवतो, तुम्हाला या फवाऱ्यापासून नाही. क्लोज्ड सिस्टीम म्हणून व्हायलवर बसवायची डिव्हाइसं मिळतात, ती चांगली आहेत, पण कोणी म्हणालं की ती घेतली की कॅबिनेट नको, तर ऐकू नका. आणि रिकाम्या व्हायल साध्या कचऱ्यात नाही, २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांप्रमाणे सायटोटॉक्सिक (पेशींना घातक) लेबलच्या पिवळ्या पिशवीत, ते १२०० डिग्रीच्या वर जाळायचं असतं.

झोपेचं म्हणाल तर, इतके दिवस जे झालं त्याचा हिशोब आता लावता येत नाही, एकदा फिजिशियनना भेटून सीबीसी करून घ्या आणि हा कागद मॅनेजमेंटच्या टेबलावर ठेवा.

प्रश्न: ताई मी स्टाफ नर्स आहे, डे केअरला किमो लावते, बनवत नाही. आता सहावा आठवडा चालू आहे, अजून घरी पण फक्त मिस्टरांना सांगितलंय. वॉर्डात सांगू का? बनवत नाही तर मला काय होणार असं सिस्टर इन्चार्ज म्हणतील.

उत्तर: सांग, आणि उद्याच सांग. पहिल्या तीन महिन्यांतच बाळाचे अवयव बनत असतात, तिसरा संपेपर्यंत थांबून मग गोड बातमी द्यायची ही आपली घरातली रीत इथे चालत नाही. लावतानाही संबंध येतोच, बाटलीला स्पाइक घालताना, नळी भरताना, काढताना थेंब पडतात, आणि पेशंटची लघवी, उलटी यात साधारण ४८ तास औषध असतं, बेडपॅन उचलणाऱ्या मावशींनाही हे कोणी सांगत नाही. कॅबिनेट असलं तरी ते बनवणाऱ्याच्या समोर आहे, तुझ्या बेडसाईडला नाही. ड्युटी बदलून दे असा साधा लेखी अर्ज दे, कारण लिही, एक कॉपी स्वतःकडे ठेव. आणि प्लॅनिंग करणाऱ्या बाकीच्या मुलींनाही सांग की चान्स घेण्याआधीच ड्युटी बदलून मागावी, आणि हे मुलग्यांनाही लागू आहे.

प्रश्न: मी ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन. थुंकीचे स्लाईड्स रोज करतो, सीबीनॅट (थुंकीतल्या टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणारं मशीन) पण आहे. कॅबिनेट नाही. मागणी केली तर वरून उत्तर येतं की गरज नाही. टीबीचे जंतू हवेतून पसरतात तर गरज नाही कशी? खिडकी आहे आणि वर फॅन आहे.

उत्तर: यावेळी वरचे बरोबर असू शकतात हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण टीबी लॅबच्या सेफ्टीवर जागतिक आरोग्य संघटनेचं २०१२ चं मॅन्युअल आहे, त्यात कामाची विभागणी धोक्याप्रमाणे केलीय. थुंकीची सरळ स्लाईड करणं आणि सीबीनॅटचं कार्ट्रिज भरणं हे कमी धोक्याचं काम, ते उघड्या टेबलावर चालतं, अट एकच की हवा खेळती हवी, तासाला ६ ते १२ वेळा बदलणारी, आणि ती योग्य दिशेने जाणारी. कल्चर करणं, सँपल फिरवून गाळ काढणं, औषधांना रेझिस्टन्स आहे का बघणं, इथे मात्र कॅबिनेटशिवाय हात लावायचा नाही, कारण तिथे द्रवाचा फवारा होतो आणि वाढवलेल्या कल्चरमध्ये जंतूंची संख्या अफाट असते.

तर तुमचा खरा प्रश्न कॅबिनेट नाही, तुमचा फॅन आहे. वरचा फॅन हवा बाहेर नेत नाही, खोलीतल्या खोलीत घुसळतो. थुंकी उघडताना तो बंद ठेवा, उन्हाळ्यात जीव नकोसा होतो हे मला माहीत आहे, मीही काढलेत विदर्भातले तीन मे महिने. टेबल असं लावा की हवा तुमच्या पाठीमागच्या दारातून येईल, तुमच्यावरून टेबलावर आणि टेबलामागच्या खिडकीतून बाहेर. बहुतेक ठिकाणी मी काय बघितलंय, टेक्निशियन खिडकीकडे पाठ करून बसतो, उजेड स्लाईडवर पडावा म्हणून, आणि वारा खिडकीतून आत आला की त्याच्या पाठीवरून, मग थुंकीच्या डबीवरून दाराकडे, म्हणजे बाहेर रांगेत बसलेल्या पेशंटकडे. खिडकीत एक साधा एक्झॉस्ट फॅन बाहेर तोंड करून बसवून घ्या, एवढी मागणी मंजूर होते.

पेशंटला थुंकी द्यायला संडासात पाठवू नका, मोकळ्या हवेत पाठवा. काडी वापरत असाल तर ती परत वापरायची नाही, आणि वायरचा लूप वापरत असाल तर थुंकी लागलेला लूप तसाच ज्योतीत घालायचा नाही, तडतडून उडतो. सीबीनॅटमध्ये रिएजंट टाकल्यावर जंतू मरायला लागतात, म्हणून झाकण उघडून रिएजंट टाकेपर्यंतचा काय तो वेळ जपायचा.

पण उद्या तुमच्याकडे सेंट्रिफ्यूज (सँपल फिरवायचं मशीन) आणून कोणी म्हणालं की आता कल्चरही इथेच करा, तेव्हा मात्र अडून बसा.

प्रश्न: मॅम मी एमएस्सी मायक्रो फर्स्ट इयर. आमच्या लॅबमध्ये सिनियर सांगतात बीएससी (बायोसेफ्टी कॅबिनेट) मध्ये अर्धा तास यूव्ही लावला की पुसायची गरज नाही आणि आत बर्नर लावायचाच नाहीतर कंटॅमिनेशन येतं. मी रिसर्च पेपरमध्ये उलटं वाचलं. कोणाचं ऐकू?

उत्तर: पेपरचं ऐक, पण सिनियरशी भांडू नकोस, त्यांनाही त्यांच्या सिनियरने असंच सांगितलेलं असतं.

बर्नर उघड्या टेबलावर कामाचा, कारण गरम हवा वर जाते आणि ज्योतीभोवती थोडी स्वच्छ जागा तयार होते. कॅबिनेटमध्ये वरून हवा खाली येतेय आणि तू खालून ज्योतीने वर ढकलतेयस, म्हणजे सगळ्या शिस्तीत खाली येणाऱ्या हवेत भोवरा, आणि तिथूनच कंटॅमिनेशन येतं. वर उष्णतेने फिल्टरचं नुकसान, आणि स्पिरिटने ओले ग्लोव्हज घालून ज्योतीजवळ हात, बाकी मी बोलत नाही. डिस्पोजेबल लूप घे, नाहीतर छोटा इलेक्ट्रिक वाला.

यूव्ही जिथे सरळ पडतो तेवढंच मारतो, बाटलीच्या सावलीत नाही, धुळीच्या थराखाली नाही, आणि ट्यूब निळी दिसते म्हणजे काम करतेय असं नाही, तिची ताकद महिन्यामहिन्याने उतरत जाते आणि ती कोणी मोजत नाही. काच वर असताना चुकून चालू राहिला तर डोळे आणि कातडी भाजते, आमच्या बॅचमधल्या एकीचे डोळे दोन दिवस वाळू घातल्यासारखे झाले होते. पुसणं हेच खरं, ७० टक्के अल्कोहोलने. ब्लीच वापरलंस तर नंतर पाण्याने पूस, नाहीतर स्टीलला गंजाचे डाग पडतात.

कंटॅमिनेशनची भीती मात्र चेष्टेवारी नेऊ नकोस. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात प्लेगची लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली, लस आपल्या परळच्या लॅबमधली, हाफकिनसाहेबांची. त्यांना नोकरीवरून बाजूला केलं, वर्षानुवर्षं चौकशी आणि वाद चालला, आणि शेवटी कळलं की लॅबचा दोष नव्हता, गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला. एक चिमटा!

तुझ्यासाठी खरं कामाचं: पंखा चालू करून चार-पाच मिनिटं थांब. लागतं ते सगळं आधीच आत ठेव, हात सारखा आतबाहेर केलास की हवेचा पडदा फाटतो. पुढच्या जाळीवर वही, टिप बॉक्स, कोपर, काही टेकवायचं नाही, काम जाळीपासून निदान चार इंच आत. स्वच्छ सामान एका बाजूला, घाण दुसऱ्या बाजूला, मधे काम. हात आत घालताना सरळ आणि हळू, झाडू मारल्यासारखे आडवे नाही, आणि घातल्यावर मिनिटभर थांबून मग सुरुवात.

प्रश्न: आमच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मायक्रोबायोलॉजी सुरू करतोय. कॅबिनेटची दोन कोटेशन आलीत, एक ए-टू आणि एक बी-टू, किमतीत बराच फरक आहे. सेल्सवाला म्हणतो बी-टू घ्या, टॉपचं आहे, शंभर टक्के हवा बाहेर. आमचे डॉक्टर म्हणतात ए-टू पुरे. मी कॉमर्सचा माणूस.

उत्तर: डॉक्टरांचं ऐका. ए-टू मध्ये साधारण ७० टक्के हवा गाळून आतच फिरते आणि ३० टक्के गाळून बाहेर पडते, जंतूंसाठी हे भरपूर आहे कारण जंतू म्हणजे कण. बी-टू ची सगळी हवा बाहेर जाते, ते वाफ होणाऱ्या केमिकलसोबत काम असेल तर. पण मग तुमच्या एसीने थंड केलेली हवाही ती पेटी दिवसभर बाहेर फेकणार, डक्ट, गच्चीवरचा पंखा, त्याचं बिल, त्याचं मेंटेनन्स, आणि गच्चीवरचा पंखा बिघडला की खाली काम ठप्प. टॉपचं म्हणून घेऊ नका.

वाचलेले पैसे दोन गोष्टींवर घाला. एक, जागा. समोरच्या फटीतून हवा आत जाते ती सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वेगाने, म्हणजे ताशी दोन किलोमीटरही नाही. आजोबा बागेत फिरतात त्यापेक्षा हळू. मागून कोणी झपाझप चालत गेलं, दार धाडकन उघडलं, एसीचा झोत आला, की तो पडदा मोडतो. मी ज्या ठिकाणी सर्वात जास्त वर्षं काढली तिथे नवं कॅबिनेट आणून बरोबर स्प्लिट एसीखाली बसवलं होतं, कारण प्लग पॉइंट तिथे होता. अलार्म सारखा वाजायचा म्हणून कोणीतरी त्यावर चिकटपट्टी लावली, आणि असंच दीड वर्ष चाललं. म्हणून खोलीच्या कोपऱ्यात, दारापासून लांब, आणि प्लग पॉइंट तिकडे न्या, ते फार तर अर्ध्या दिवसाचं काम आहे.

दुसरं, वर्षातून एकदा सर्टिफिकेशन, आणि पेटी हलवली किंवा फिल्टर बदलला तर त्या वेळी पुन्हा. सर्व्हिसिंग आणि सर्टिफिकेशन वेगळं. ट्यूब बदलून, काच पुसून, स्टिकर लावून गेला हे सर्टिफिकेशन नाही. रिपोर्टमध्ये आकडे मागा: आत येणाऱ्या हवेचा वेग किती, वरून पडणाऱ्याचा किती, फिल्टरवर तेलाचा धूर सोडून गळती बघितली का आणि ती ०.०१ टक्क्याच्या आत आहे का, धूर सोडून दिशा बघितली का. तुम्ही कॉमर्सचे, रिकामा कॉलम तुम्हाला आमच्याआधी दिसेल. आणि फिल्टर बदलायला आलेला पोरगा वापरलेली पेटी जंतू मारणारी धुरी न देता उघडायला लागला तर त्याला थांबवा, त्या फिल्टरवर काय काय बसलंय ते त्या बिचाऱ्याला माहीत नसतं.

प्रश्न: आमच्या मुलीला व्हायरसवर रिसर्च करायचाय, पुण्यात पाषाणला ती मोठी लॅब आहे तिथे जायचं म्हणते. घरात सगळे घाबरलेत. काय सांगू?

उत्तर: एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या) पाषाणच्या कॅम्पसमध्ये बीएसएल-फोर लॅब आहे, म्हणजे लॅबच्या जैवसुरक्षेची सर्वात वरची पायरी, आणि तिथे शिकाऊ मुलांना कोणी पहिल्या दिवशी आत पाठवत नाही, तेव्हा ती भीती आत्ता काढून टाका.

पण भीती अगदीच खोटी आहे असंही मी सांगणार नाही. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या मेडिकल स्कूलमध्ये जॅनेट पार्कर नावाची फोटोग्राफर देवीने वारली, देवीने गेलेली जगातली ती शेवटची नोंदलेली व्यक्ती. ती लॅबमध्ये काम करतही नव्हती, देवीची लॅब होती त्याच्या वरच्या मजल्यावर होती. व्हायरस तिच्यापर्यंत कसा पोचला यावर आजही एकमत नाही. आणि लॅबमध्ये लागण झालेल्यांच्या जुन्या पाहण्यांमध्ये असं दिसलं होतं की पाचात एकाहूनही कमी जणांना काही सांडलं, सुई टोचली असा अपघात आठवत होता. बाकीच्यांना काहीच झाल्यासारखं वाटलं नव्हतं. मुलीला जाऊ द्या. फक्त ती ज्या छोट्या कॉलेज लॅबमध्ये आधी दोन वर्षं काढणार आहे तिथली पेटी शेवटची कधी तपासली ते विचारा, मला तिथली काळजी जास्त वाटते.

प्रश्न: काम चालू असताना लाईट गेली तर? आमच्याकडे गुरुवारी जातेच.

उत्तर: हात आतच ठेवून, न घाबरता पहिल्यांदा उघड्या बाटल्या आणि प्लेट्सना झाकणं लावा. मग हात हळू बाहेर, वरचे ग्लोव्हज आतच काढून, काच खाली. पंखा थांबला की तो हवेचा पडदा नाहीच, समोर नुसतं उघडं खोकं आहे. लाईट आली की पाच मिनिटं चालू द्या, आत पुसा, मग पुढे. इन्व्हर्टरवर घ्यायचं असेल तर घ्या, पण मोटारचा लोड आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. आणि गुरुवारी जातेच हे माहीत असताना कल्चरचं काम गुरुवारी का लावता हो?